पाचव्या सेटमधलं हळदीकुंकू

आमच्या अण्णांना इंग्रजी किती येत होतं असं कुणी विचारलं, तर मी सांगते, एका टेनिस कोर्टापुरतं. लव्ह, ड्यूस, फॉल्ट, आऊट, ॲडव्हान्टेज. त्यापलीकडं त्यांना स्वतःचं नावसुद्धा इंग्रजीत लिहिता येत नव्हतं. पण तेवढ्या शब्दांवर माझ्या वडिलांनी धाराशिवच्या साहेब लोकांच्या क्लबात तीस वर्षं नोकरी केली. तेरहून सकाळच्या पहिल्या एसटीनं जायचं, मुरमाच्या कोर्टवर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, दोरी लावून चुन्याच्या रेघा ओढायच्या, जाळी ताणायची. संध्याकाळी साहेब खेळून गेले की पुन्हा झाडू मारून शेवटच्या गाडीनं परत. रॅकेट त्यांनी उचलली ती फक्त साहेबांच्या गाडीतून कोर्टपर्यंत आणि कोर्टवरून गाडीपर्यंत.

त्या चुन्यानंच त्यांचा डावा डोळा घेतला. कळीचा चुना भिजवताना ड्रममधून उडाला आणि थेट डोळ्यात गेला. मी तेव्हा चौथीत होते. त्या डोळ्यानं पुढं त्यांना उजेड आणि सावली एवढंच दिसायचं. बाकी सगळा संसार त्यांनी उजव्या डोळ्यावर रेटला.

साहेब खेळत असताना अण्णांची जागा कोर्टमागच्या हिरव्या पडद्याच्या पलीकडं, पाण्याच्या माठाजवळ. तिथून खेळ दिसायचा नाही. सुट्टीत मी कधी त्यांच्याबरोबर गेले की ते मला पडद्याच्या फाटक्या जागेशी बसवायचे आणि स्वतः पाठ करून बसायचे.

"बघ हां. आता जाळीत गेला."

मी बघायची, तर खरंच जाळीत.

"आता बाहीर. लई न्हाय, चार बोटं."

खरंच बाहेर. चेंडू मुरमावर पडल्याचा, चुन्यावर पडल्याचा, रॅकेटच्या मधोमध बसल्याचा, कडेला लागल्याचा, सगळे आवाज त्यांना वेगळे ऐकू यायचे. मला वाटायचं माझ्या बापाला जादू येते. नंतर मी मोठी झाले, डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, लग्न होऊन उमरग्याला आले आणि ही जादू पार विसरून गेले. विसरले नसते तर पुढचं घडलं नसतं, असं मी आता म्हणते. पण आता म्हणण्याला काय अर्थ आहे!

निवृत्त झाल्यावर अण्णा तेरला माझ्या भावाकडं राहायला लागले. आई आधीच गेली होती. शेत भाऊ बघायचा. अण्णांना दोनच ठिकाणं होती. एक गावातली पिठाची गिरणी, कारण गिरणीवाले काका त्यांचे शाळेपासूनचे दोस्त आणि गिरणीत रोज पेपर यायचा. दुसरं ठिकाण घरातला टीव्ही. तोही वर्षातून चारच वेळा, टेनिसच्या मोठ्या स्पर्धा असतील तेव्हा. एरवी सुनेच्या मालिका चालू असल्या तरी त्यांचं काही म्हणणं नसायचं. त्या दोन-दोन आठवड्यांत मात्र सासऱ्याच्या हातातून रिमोट काढून घ्यायची तिची छाती नव्हती.

गावात कुणाला ह्या खेळाचं काही पडलेलं नव्हतं. ओट्यावरून जाणारा एखादा डोकावून विचारायचा, "अण्णा, किती धावा झाल्या?"

"ह्यात धावा नसत्यात, बाबा. ह्यात निसतं धावायचं असतंय," अण्णा म्हणायचे.

त्यांचा एक माणूस होता. नाव त्यांना धड घेता यायचं नाही, म्हणून ते 'आपला माणूस' म्हणायचे आणि घरात तेच रूढ झालं. दाढीवाला, पस्तिशी उलटलेला, कधीच फार मोठा न झालेला खेळाडू. उपउपांत्य फेरीत यायचा आणि हरायचा. मी एकदा चिडवलं, "अण्णा, एवढे मोठमोठे खेळाडू सोडून हा हरणाराच बरा सापडला तुम्हाला!" तर म्हणाले, पॅरिसच्या मातीच्या कोर्टवर एकदा सामना संपल्यावर ह्यानं कोर्ट झाडणाऱ्या माणसाला थांबवलं, स्वतः वाकून त्याच्या हातात मातीवर ओढायच्या झाडणीची दोरी दिली आणि खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. "क्यामेरा दुसरीकडंच गेला गं. पर म्या बघितलं." तेवढ्यावर अण्णा त्याचे झाले. माझ्या बापाच्या खांद्यावर तीस वर्षांत कुणी हात ठेवला होता की नाही, मी विचारलं नाही.

मग उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आला. आधी दुर्लक्ष केलं. नंतर टीव्हीला नाक लावून बसायला लागले, तेव्हा भावानं मला फोन केला. डोळ्याचे चांगले डॉक्टर उमरग्यात, मी उमरग्यात, म्हणून त्यांना माझ्याकडं आणायचं ठरलं. जानेवारीचे दिवस होते. ऑस्ट्रेलियातली स्पर्धा चालू होती आणि आपला माणूस कधी नव्हे तो पुढं पुढं चालला होता.

डॉक्टरांनी मला दोन तारखा दिल्या. एक गुरुवारची आणि एक त्यापुढच्या मंगळवारची. मधल्या रविवारी माझ्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, चाळीसेक बायकांना निरोप गेलेले होते. गुरुवारी ऑपरेशन उरकलं तर रविवारपर्यंत म्हातारा माणूस जरा स्थिरस्थावर होईल, असा मी हिशेब केला. मंगळवार धरला तर पुन्हा रजा, पुन्हा हेडसरांची बोलणी. मी अण्णांना गुरुवार सांगितला. दुसरी तारीख आहे हे सांगितलंच नाही.

बुधवारी ते आले. येताना हुरड्याची पिशवी, गूळ आणि मनात एकच गोष्ट. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाले, "बाई, ऐतवारी फायनल हाय. आपला माणूस गेला तर... ऑपरेशन चार दिस म्होरं ढकलता येतंय का बघ की."

"गेला तर ना? अजून गेला कुठं?"

"जाईल. औंदा जाईल. आन् औंदा न्हाय तर कदीच न्हाय. सोडणार हाय म्हणं खेळ."

मी शिक्षिका आहे. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागलं की माझं डोकं फिरतं. मी म्हणाले, "अण्णा, एक डोळा गेलाय, एक राहिलाय. त्या गोऱ्याच्या खेळापायी तोही घालवता का? डॉक्टर काय आपल्या सोयीनं बसलेत?" ते वाकून हुरड्याची पिशवी सोडायला लागले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. म्हणून मी पुढं म्हणाले, "तुम्ही ऐका, मी बघते. एकूण एक चेंडू सांगते तुम्हाला. शप्पथ."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "सांगशील?"

"सांगेन की."

ऑपरेशन चांगलं झालं. शुक्रवारी पट्टी निघाली, काळा चष्मा आला, थेंब आले. डॉक्टर म्हणाले, डोक्यावरून पाणी घेऊ नका, डोळा चोळू नका, जड उचलू नका. टीव्हीचं त्यांनी काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला कशाला विचारायला हवं होतं? आमच्याकडं लहानपणापासून ऐकलेलं असतं, डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यानं महिनाभर चुलीकडं बघायचं नाही, टीव्हीकडं बघायचं नाही, रडायचंसुद्धा नाही. सासूबाई आता धाकट्या दिरांकडं असतात, पण त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही तेच केलं होतं, आणि अण्णांनाही मी तेच सांगितलं. त्यातून हा एकुलता एक डोळा. मी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून ठेवली.

त्याच शुक्रवारी दुपारी आपला माणूस उपांत्य सामना जिंकला. शेवटचा पॉइंट झाला तेव्हा अण्णा भिंतीकडं बघत टाळ्या वाजवत होते.

रविवारी दोन वाजता फायनल सुरू झाली. आमचे हे मित्रांबरोबर हुरडा खायला शेतावर गेले होते. बायका पाचनंतर येणार होत्या. मी म्हटलं, तीन तास भरपूर झाले. दोन माणसांचा खेळ, तीन तासांपेक्षा जास्त कसा चालेल? एवढंच माझं टेनिसचं ज्ञान.

अण्णा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, काळा चष्मा लावून भिंतीकडं तोंड करून बसले. पाठीमागं टीव्ही. मी बाजेवर.

"आता आपल्या माणसानं मारला. त्यानं मारला. ह्यानं मारला. त्यानं मारला..."

"मारला ते कळतंय गं बाई मला. कुठं मारला ते सांग."

"उजव्या बाजूला."

"कुणाच्या उजव्या?"

अशी अर्धा तास आमची शाळा चालली. विद्यार्थिनी मी आणि मास्तर अण्णा. कोर्टचे भाग त्यांनी हातानं हवेत आखून दाखवले. सहा गेम आणि दोनची आघाडी म्हणजे एक सेट, पाचांतले तीन सेट घेईल तो जिंकला, हेही मी तेव्हाच शिकले. पहिला सेट आपल्या माणसानं घालवला, पण दुसऱ्या सेटपर्यंत माझा हात बसला. मी सांगत होते, "लांब, डाव्या कोपऱ्यात, तो पळाला, पोचला, उंच उडवला, आपला माणूस जाळीजवळ आला, वाट बघतोय, वाट बघतोय, हाणला!" अण्णा खुर्चीत पुढं सरकायचे, मागं रेलायचे, मांडीवर थाप मारायचे. एकदा मी "आऊट" म्हणायच्या आत ते म्हणाले, आणि त्यांच्यानंतर टीव्हीतला आवाज म्हणाला. आता तिथं रेघांवर माणसं नसतात, यंत्रच बोलतं. अण्णांना त्याचं फार वाईट वाटायचं. "रेघंवर हुबं राहणाऱ्याची बी नोकरी गेली," म्हणायचे.

दुसरा सेट सहा-सहा अशी बरोबरी होऊन टायब्रेकवर गेला आणि आपला माणूस जिंकला. मी बाजेवरून उठून ओरडले. अण्णांनी पाठमोरंच हात मागं केला आणि मी त्यांच्या हातावर टाळी दिली. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत आम्ही बापलेक एका गोष्टीत इतके रमलो ते तेवढंच. त्या तासाभरात मला कुठलंही काम आठवलं नाही.

साडेतीन वाजले आणि आठवलं. तिळगूळ वाट्यांत भरायचा होता. वाण म्हणून आणलेल्या चहाच्या गाळण्यांवरची लेबलं काढायची होती. दूध तापवायचं होतं, रांगोळी राहिली होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच सांगायला लागले. आधी दारात येऊन बघून सांगत होते. मग नुसती मान काढून. मग गाळणीचं चिकट लेबल खरवडता खरवडता लोकांच्या ओरडण्यावरून अंदाजानं.

"गेला बाहेर!"

"कुणाचा?"

"समोरच्याचा!"

टीव्हीतलं यंत्र काही बोललं नव्हतं. अण्णा म्हणाले, "बरं."

अजून एकदोनदा मी असंच ठोकून दिलं. एकदा ते म्हणाले, "बाई, जाळीत गेल्यावानी वाटलं मला." मी आतून म्हणाले, "मी बघतेय ना अण्णा?" हातात दुधाचं पातेलं होतं. त्यानंतर त्यांनी विचारायचं बंद केलं. तिसरा सेट संपला, हरला. चौथा चालू झाला. मला वाटलं डुलकी लागली असेल. बरंच आहे, म्हटलं, मला कामं आवरू देत.

डुलकी नव्हती. चौथा सेट आपल्या माणसानं जिंकला तेव्हा त्यांनी हात मागं केलेला मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला. माझ्या हाताला तुपाचा ओशटपणा होता. "आले आले," म्हणेपर्यंत त्यांनी हात पुढं घेतला.

पाच वाजून गेले तरी खेळ संपेना. मला राग यायला लागला, कुणाचा ते सांगता येणार नाही. सव्वापाचला मी साडी बदलली. साडेपाचला पहिला घोळका दारात आला. शेजारच्या सरांची बायको, तिची नणंद, आणि शाळेतल्या दोन बाई. पुढच्या खोलीत एक म्हातारा काळा चष्मा लावून भिंतीकडं तोंड करून बसलेला आणि त्याच्या पाठीमागं टीव्हीत दोन घामाघूम माणसं. नणंदबाईंनी पदराआड हसू दाबलं. मला ते दिसलं.

मी रिमोट उचलला.

"किती झाले?" अण्णांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, पंचाचा आवाज त्यांनी ऐकलाच होता. तरी विचारलं.

"चार-दोन. पाचव्या सेटमध्ये."

"म्होरं त्यो. आपला माणूस मागं."

"हो. अण्णा, बायका आल्यात. तुम्ही आत बसा, मी मोबाईलवर बघून सांगते."

ते लगेच उठले. हट्ट नाही, काही नाही. खुर्चीची पाठ चाचपत वळले, कुणाकडं तरी बघून नमस्कार केला आणि माझ्या हाताला धरून आतल्या खोलीत गेले. मी त्यांना पलंगावर बसवलं, दार लोटलं आणि टीव्ही बंद केला.

पुढं दहा मिनिटं झाली असतील. हळदीकुंकवाचं तबक तयार होतं, पण अत्तराची कुपी आतल्या कपाटात राहिली होती. तबक हातात घेऊनच ती घ्यायला गेले. अण्णा पलंगाच्या कडेवर ताठ बसलेले.

"काय झालं गं?"

मोबाईल कुठं ठेवला होता तेही मला आठवत नव्हतं. बाहेरून कुणीतरी हाक मारत होतं. बघून सांगते म्हटलं असतं तर पुन्हा यावं लागलं असतं, पुन्हा त्यांनी किती-कुठं-कुणाचं विचारलं असतं. आणि त्यांना खूश करावं असंही मनात होतं, ते मी नाकारत नाही. मी म्हणाले,

"जिंकला अण्णा! तुमचा माणूस जिंकला!"

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. काळ्या चष्म्यामागं काय होतं ते मला दिसलं नाही.

"जिंकला?"

"हो! तोंड गोड करा." तबकातला तिळाचा एक लाडू मी त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो अर्धा मोडला. अर्धा मला दिला. "बरं झालं," म्हणाले. "तू जा. बायका खोळंबल्यात."

तो अर्धा लाडू चावत मी बाहेर गेले आणि उखाणेसुद्धा घ्यायला लावले.

सगळ्या गेल्यावर मोबाईल सापडला. दुसऱ्याच खेळाडूनं करंडक उचलल्याचा फोटो होता. मी तेवढाच बघितला आणि मोबाईल उलटा ठेवला. हे शेतावरून आले ते बातमी घेऊनच, "अरेरे, अण्णांचा..." मी डोळे वटारले, तसे ते पाणी प्यायला निघून गेले. उद्या सांगू, असं मी ठरवलं. सोमवारी वाटलं, आता कशाला, आनंदात आहेत. मंगळवारी वाटलं, गावी गेल्यावर कळेलच. आश्चर्य एवढंच की अण्णांनी त्या सामन्याबद्दल पुढं एक शब्द विचारला नाही. जिंकलेल्या माणसाबद्दल माणूस दहादा विचारतो. शेवटचा फटका कोणता होता, रडला का, काय बोलला. त्यांनी काहीच विचारलं नाही आणि मी सुटल्यासारखा श्वास सोडला.

गुरुवारी तपासणी होती. डोळा छान भरत होता. निघताना मी शहाणपणानं विचारलं, "डॉक्टर, टीव्ही अजून किती दिवस बघायचा नाही?"

डॉक्टर कागदावर लिहीत होते. मान वर न करताच म्हणाले, "टीव्ही? बघू द्या की. दुसऱ्या दिवसापासून बघितला तरी काही होत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी अण्णांकडं बघितलं नाही. ते चपला शोधत होते. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "तुजी सासू बरी हाय का?" मी हो म्हणाले.

शुक्रवारी भाऊ येऊन त्यांना तेरला घेऊन गेला. नंतर फोनवर ते नातवंडांची उंची सांगायचे, नदीच्या पाण्याचं सांगायचे, डोळ्यानं आता किती लांबचं दिसतं ते तर फार आनंदानं सांगायचे. लिंबाच्या झाडावरचा पक्षी दिसतो म्हणाले. पुढची मोठी स्पर्धा मे महिन्यात, पॅरिसची, मातीची, त्यांची सगळ्यात आवडती. मी मनात ठरवून टाकलं होतं की सुट्टीत तेरला जाऊन पंधरा दिवस त्यांच्याजवळ बसायचं आणि सगळे सामने बघायचे. खरं म्हणजे स्वतःला सोडवायचा तो माझा बेत होता. चैत्रात एका सकाळी ते ओट्यावर बसल्या जागी गेले. चहा अर्धा प्यायलेला होता.

तेराव्यानंतर मी दोन दिवस जास्त राहिले. घरातली ज्वारी संपली होती, म्हणून डबा घेऊन मीच गिरणीवर गेले. गिरणीवाले काका पिठानं पांढरे झालेले, मला बघून त्यांनी पिठाचे हात सदऱ्याला पुसले आणि डबा काढून घेतला. चक्की चालू होती, त्यामुळं बोलणं सगळं ओरडूनच.

"बस बाई. तुज्या बापाची जागा हाय ती," त्यांनी पोत्याकडं हात केला. मी बसले. काका थोडा वेळ दाणे सोडत राहिले आणि मग म्हणाले, "एक गोष्ट हाय. सांगू नको म्हणला होता, पर आता सांगतो. तुज्याकडून डोळ्याचं करून आला न्हवं, त्या दिवशी पिशवी बी घरी ठिवली न्हाय. आधी हितं आला. म्हणला, सोमवारचा पेपर काढ. म्या म्हणलं, कशाला? म्हणला, आपला माणूस कितीनं हरला त्ये बघ."

मी म्हणाले, "हरला असं म्हणाले?"

"व्हय. म्या म्हणलो, आरं, तुज्या लेकीनं बघितला न्हवं का खेळ? तर म्हणला, तिनं जिंकला म्हणून सांगितलं. चार-दोन मागं असलेला गडी अत्तराची कुपी काढंस्तवर कसा जिंकंल? चार गेम काडायचं म्हणजी तास-अर्धा तास जातो. तिला ते ठावं न्हाय. घरात सण होता तिच्या."

चक्कीचा पट्टा थडथडत होता. काका पुढं सांगत राहिले. सोमवारचा पेपर गिरणीत नव्हता, तो कधीच भज्यांच्या गाड्यावर गेला होता. अण्णा गाड्यावर गेले. तिथल्या गठ्ठ्यात शोधला, मिळाला नाही. काका म्हणाले होते, नातवाला सांग, मोबाईलवर काढून देईल. तर अण्णा म्हणाले, पोरं आत्याला फोनवर सांगत्यात. मग लेकीलाच विचार की सरळ, काका म्हणाले.

"तर काय म्हणले?"

"म्हणला, तिला कसं इचारू? ती जिंकला म्हणलीया."

गावातल्या कुणी आपल्या माणसाचं विचारलं, तर 'जिंकला' म्हणूनच सांगायचे म्हणे. आठवडी बाजारात कुणीतरी मोबाईलवरचा करंडकाचा फोटो दाखवून त्यांना खोटं पाडलं, चारचौघांत हसले. तरी त्यांचं एकच, माझ्या लेकीनं डोळ्यानं बघितलंय.

पहिला फॉल्ट माफ असतो, हे अण्णांनीच मला त्या दुपारी शिकवलं होतं. सर्व्हिसचा पहिला चेंडू चुकला तर दुसरा मिळतो. मला तर रविवारपासून शुक्रवारपर्यंत पाच दिवस मिळाले होते. नंतर आणखी दोन महिने.

"मग काका, शेवटपर्यंत कळलंच नाही त्यांना?"

"कुठनं कळणार? म्हणायचा, पाचवा सेट होता, इतकं तरी ठावं हाय." काकांनी पिठात हात घालून बघितला, जाडसर वाटलं म्हणून चक्की जरा आवळली. "कितीनं हरला गं? मला बी ठावं न्हाय."

आणि मलाही माहीत नव्हतं. एवढे दिवस मोबाईल माझ्या हातात होता आणि त्या फोटोच्या खाली मी कधी गेलेच नव्हते. मी पोत्यावर बसल्या बसल्या मोबाईल काढला. पदरानं काच पुसली तरी पीठ बसतच होतं. शोधून काढलं. पहिला सेट सहा-चार, तो मला आठवत होता. दुसरा टायब्रेक, आमची टाळी. तिसरा, चौथा. आणि पाचवा.

पाचवा सात-पाच होता.

मी आकडे पुन्हा वाचले. मग खाली एकेक गेम कसा गेला ते दिलं होतं, तेही वाचलं. दोन-चार. तिथं मी रिमोट उचलला होता. त्यानंतर तीन-चार. मग चार-चार. मग पाच-चार, आपला माणूस पुढं. अण्णा पलंगाच्या कडेवर ताठ बसले होते, मी अत्तर लावत होते, आणि आपला माणूस पुढं होता. मग पाच-पाच. आणि मग हरला. सहा गेम आणखी झाले होते. माझ्याकडं सगळा वेळ होता. आतल्या खोलीत मोबाईल नेऊन त्यांच्या हातात दिला असता, तरी त्यांनी नुसत्या आवाजावर सगळं बघितलं असतं.

मला रडू आलं. काकांनी बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं, पण चक्की थांबवली नाही.

"सात-पाच, काका!" मी म्हणाले.

"काय?" त्यांनी कानाला हात लावला.

"सात-पाच! पाचवा सेट! आपला माणूस मागून पुढं आला होता!"

"ऐकू यीना. परत सांग!"

मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि दोन-चारपासून एकेक गेम सांगायला लागले.